तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटच्या दोन पर्यायांचं कोडं

क्रिटिकल रीझनिंगची, म्हणजे प्रवेश परीक्षांत छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायला लावणाऱ्या प्रश्नांची, तयारी करणारं जे कोणी मला भेटतं, ते फिरून फिरून एकच विचारतं: "पाचातले तीन पर्याय मी बरोबर बाद करते, मग उरलेल्या दोनांत दर वेळी चुकीचाच कसा निवडते?" हल्ली हे जास्तच कानावर येतं, आणि त्याला कारण आहे. एमबीएच्या प्रवेशासाठी जीमॅट ही परीक्षा असते; २०२३ च्या शेवटी आलेल्या नव्या जीमॅटमधून वाक्यशुद्धीचे प्रश्न गेले. व्हर्बलमध्ये, म्हणजे तिच्या भाषेच्या विभागात, आता ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, आणि ते फक्त उताऱ्यांवरचे किंवा क्रिटिकल रीझनिंगचे. कायद्याच्या प्रवेशासाठीच्या एलसॅटनेही ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (अटींवरून मांडणी ठरवायची कोडी) काढून टाकले आणि त्यांच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे अशाच युक्तिवादाच्या प्रश्नांचा, आणखी एक विभाग आणला. ज्यांना हे प्रश्न छळतात, त्यांना आता पळायला वाट उरलेली नाही.

माझं उत्तर ऐकून बरेच जण थोडे निराश होतात. चूक शेवटच्या दोन पर्यायांपाशी झालेलीच नसते. ती उतारा वाचतानाच होऊन गेलेली असते, उघडकीला मात्र तिथे येते.

एक प्रश्न घेऊ. मी शिकवताना वापरते तो, माझाच रचलेला.

एका ग्रंथालयाने पुस्तक परत करण्याची मुदत तीन आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर आणली. पुढच्या वर्षी देवघेवीच्या नोंदी २० टक्क्यांनी वाढल्या. ग्रंथपाल म्हणतात, मुदत कमी केल्यामुळे सभासद आता जास्त पुस्तकं वाचतात. खालीलपैकी कोणतं विधान, खरं मानल्यास, हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?

शेवटी उरतात ते दोन पर्याय असे. पहिला: बऱ्याच सभासदांना मुदत कमी करण्याचा निर्णय आवडला नाही. दुसरा: सभासदाने हातातल्याच पुस्तकाची मुदत वाढवून घेतली, तरी ग्रंथालय ती नवी देवघेव म्हणून नोंदवतं.

निवांत बसून वाचताना दुसरा पर्याय सहज पटतो. पण घड्याळ लावून सोडवायला दिलं की पहिल्याकडे वळणारे पुष्कळ निघतात. "कमकुवत करा" म्हटल्यावर डोकं त्या निर्णयाविरुद्ध काहीतरी शोधू लागतं, आणि नाराजी त्यात चपखल बसते. दुसरा पर्याय कारकुनी तपशिलासारखा दिसतो, रूक्ष. (बरोबर उत्तर पुष्कळदा असंच रूक्ष असतं, हे एकदा लक्षात आलं की नजर बदलते.) पण ग्रंथपालांनी निर्णय लोकप्रिय आहे असं म्हटलेलंच नाही. त्यांनी म्हटलंय की वाचन वाढलं, आणि पुरावा दिलाय नोंदींचा. नोंद आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा प्रश्न त्या फटीत आहे. मुदत कमी झाली की तेच पुस्तक पुन्हा नोंदवून घ्यायची वेळ जास्त वेळा येते. एकही पान जास्त वाचलं न जाता आकडा वाढू शकतो.

म्हणून माझा आग्रह असतो की उरलेले दोन पर्याय एकमेकांशी ताडून बघू नका. एकमेकांशेजारी ठेवले की दोन्ही शहाणे वाटतात. प्रत्येक पर्याय एकटा उचला आणि निष्कर्षासमोर धरा: हे खरं असेल, तर निष्कर्षावरचा माझा विश्वास हलतो का? हे करायचं तर निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवा. तिथेच बहुतेकांची गाडी अडते. विचारलं तर "ग्रंथालयाबद्दल होतं काहीतरी" एवढंच सांगता येतं.

"खरं मानल्यास" हे शब्दही लोक वाचून सोडून देतात. मी स्वतः तयारी करत होते, तेव्हा औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम करत होते. एका सराव चाचणीत औषधांच्या किमतींवरचा प्रश्न आला. मला वाटलं, हा तर आपलाच प्रांत. मी निवडलेलं विधान माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळणारं होतं, पण निष्कर्षाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जो पर्याय "असं कुठे होतं का" म्हणून मी खोडला, तो बरोबर निघाला. परीक्षा तो पर्याय खरा धरायलाच सांगत होती आणि मी त्याची सत्यता तपासत बसले होते. तेव्हापासून ओळखीचा विषय आला की मी जास्त सावध होते.

गृहीतकाच्या प्रश्नांत हीच गफलत वेगळ्या रूपात येते. त्याच ग्रंथालयाच्या युक्तिवादाचं गृहीतक विचारलं आणि दोन पर्याय उरले असं समजा. एक: नेलेलं प्रत्येक पुस्तक सभासद पूर्ण वाचतात. दुसरा: नोंदींमधली सगळीच वाढ तीच ती पुस्तकं पुन्हा नोंदवल्यामुळे झालेली नाही. पहिला ठाम आहे म्हणून भुरळ घालतो. इथे पर्याय उलटा करून बघायचा. पहिला उलटला की होतं, "काही पुस्तकं पूर्ण वाचली जात नाहीत." होऊ दे, वाचन तरीही वाढलेलं असू शकतं. दुसरा उलटला, म्हणजे सगळी वाढ फेरनोंदणीचीच निघाली, तर ग्रंथपालांच्या हातात पुरावा म्हणून काहीच उरत नाही. जे काढून घेतल्यावर युक्तिवाद कोसळतो, ते गृहीतक. उलटवताना मात्र एक सांभाळा: "प्रत्येक"च्या उलट "एकही नाही" होत नाही, "प्रत्येक नाही" एवढंच होतं. ही चूक फार हुशार मुलांकडूनही होते आणि मग ती या पद्धतीलाच दोष देतात.

वेळेचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. जीमॅटच्या व्हर्बलमध्ये एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे उतारा धावत वाचून पर्यायांवर वेळ घालवण्याचा मोह होतो. मी उलट सांगते. उताऱ्यावर वेळ द्या, पर्याय मग भराभर गळतात. आणि रोज पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा दहाच सोडवा, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संचातले. त्यातले चुकीचे पर्याय मुद्दाम, विचार करून घडवलेले असतात. ते का चुकीचे आहेत हे शोधण्यातच खरा अभ्यास होतो.

मी त्यासाठी एक वही ठेवली होती. बरोबर उत्तर कोणतं, हे त्यात लिहायचं नाही असं ठरवलं होतं. चुकीच्या उत्तराने मला का ओढलं, एवढंच एका ओळीत लिहायचं. पहिल्या महिन्यात पानामागून पान एकच ओळ येत राहिली: "निष्कर्ष कोणता, ते ठरवलं नव्हतं."

तेव्हा आज एवढंच करा. तुमचे शेवटचे दहा चुकलेले प्रश्न काढा, पर्यायांवर कागद ठेवा आणि प्रत्येकाचा निष्कर्ष तुमच्या शब्दांत लिहा. ज्यांचा लिहिता येणार नाही, ते प्रश्न मला पाठवा. पुढचं त्यांच्यावरच बोलू.