इशिगुरो मराठीत आणताना ‘आपण’ कुठे नडतं

आपलं लिखाण जगभर वाचलं जाणार हे धरूनच इंग्रजी कादंबरीकार काझुओ इशिगुरो लिहितात. शब्दांवरच्या कोट्या ते टाळतात, वाक्यं साधी ठेवतात. त्यामुळे मराठीत आणायला सोपे वाटतात. पहिली काही पानं सरसर होतातही. मग इंग्रजीतला ‘वी’ येतो आणि घोडं पेंड खातं.

‘अ पेल व्ह्यू ऑफ हिल्स’ (१९८२) घ्या. इंग्लंडात राहणाऱ्या एत्सुकोच्या थोरल्या मुलीने, केइकोने आत्महत्या केली आहे. एत्सुको त्यावर फारसं बोलत नाही. बोलते ती युद्धानंतरच्या नागासाकीतल्या साचिको नावाच्या शेजारणीबद्दल आणि तिच्या लहान मुलीबद्दल, मारिकोबद्दल. साचिको मुलीला घेऊन अमेरिकेला निघाली आहे, मारिकोला जायचं नाही. शेवटाकडे नदीवरच्या पुलावर तिची समजूत घालताना एत्सुको म्हणून जाते, तिथे नाही आवडलं तर ‘वी’ परत येऊ. ही तर जाणारच नाही, मग परत कशी येणार? शेजारणीच्या आडून आपल्याच मुलीची गोष्ट चाललीय की काय, ही शंका इथे पक्की होते.

मराठीत ‘आम्ही’ बसत नाही, कारण त्यात मुलगी बाहेर राहते. ‘आपण’ बसतं, पण इतकं चपखल की चूक दिसतच नाही. नागपुरातल्या कुठल्याही लहान मुलांच्या दवाखान्यात ऐका, आई लेकराला म्हणते, ‘आपण सुई लावून घेऊ हं.’ सुई एकट्या लेकराला लागते. सीताबर्डीवर हिंदी बोलतानाही ‘अपन चलते है’ सुटतंच तोंडून. मराठी कानाला हे ‘आपण’ म्हणजे नुसती माया. वाचक पुढे जातो आणि कादंबरीचा सांधा निसटतो.

‘मी तुला घेऊन परत येईन’ असं करणाऱ्यांनी करू नये. तो कबुलीजबाब होतो. ‘आपण’च ठेवा, पण त्याआधीची जागा मोकळी करा. कच्चा खर्डा झाला की फाईलमध्ये ‘आपण’ शोधा. एत्सुको मारिकोशी बोलते तिथे ‘तू’, ‘तू आणि आई’, ‘तुम्ही दोघी’ एवढंच राहू द्या. लाडाचं ‘आपण’ एकदाही नको. मग पुलावरचं खणकन वाजतं. अगदी शेवटी ती नागासाकीजवळच्या इनासा डोंगरावरच्या सहलीबद्दल म्हणते, त्या दिवशी केइको खूश होती. त्या सहलीला मारिको होती. केइको तर एत्सुकोच्या पोटात होती. इथे हात लावू नका, तळटीप तर मुळीच नको.

इशिगुरो १९६० साली, पाचव्या वर्षी, नागासाकीहून गिल्डफर्डला आले. घरात परतीचा बेत कायम होता. जपानला पुन्हा जाणं झालं ते थेट १९८९ मध्ये. ‘परत येऊ’ या शब्दांना एवढं वजन का, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

दुसरी गफलत संपादनात होते. ‘बहुतेक’, ‘असावं’, ‘मला तरी असंच आठवतं’ हे पाल्हाळ समजून छाटलं जातं. छाटलं की निवेदक भरवशाचा होतो आणि सगळं सपाट. ‘नेव्हर लेट मी गो’मधली कॅथी तिच्या निवासी शाळेबद्दल म्हणते, तुमच्याकडे कसं होतं माहीत नाही, पण हेलशममध्ये असं असे. ऐकणाराही आपल्यासारखाच, अवयव देण्यासाठी वाढवलेला, असं ती धरून चालते. म्हणून ‘वाचकहो’ छापाचं काही नको. ‘तुमच्याकडे’ पुरतं, आणि अंगावर येतं.

‘व्हेन वी वेअर ऑर्फन्स’चं (२०००) तर नावच ‘वी’वर उभं आहे. ख्रिस्तोफर बँक्सचे आईवडील शांघायमध्ये एकामागून एक बेपत्ता होतात, त्याला इंग्लंडला धाडतात. शाळेत आपण छान मिसळून गेलो होतो, असं तो सांगतो. जुने सोबती भेटतात ते म्हणतात, तू विचित्र होतास, एकटा होतास. तो चिडतो. १९३७ साली, शहरात लढाई पेटलेली असताना, तो शांघायला येतो. आईवडील अजून तिथेच डांबलेले आहेत याची त्याला खात्री आहे. कळतं ते असं, की वडील दुसऱ्या बाईबरोबर पळाले होते आणि आई एका सौद्यात चिनी सरदाराच्या ताब्यात गेली होती. याच्या इंग्लंडातल्या शिक्षणाचा पैसा त्याच सौद्यातून आला.

‘अनाथ’ हा शब्द इथे चालणार नाही. तो फॉर्ममध्ये भरायचा शब्द. आई जिवंत असताना माणूस होतो तो पोरका. आणि ‘आम्ही’ लिहिलं की वाचक दाराबाहेर उभा राहतो. माझं मत ‘आपण पोरके होतो तेव्हा’.