तुम्ही विचारलंत म्हणून: आधी रक्त मोजा

लेबर रूममधली नोकरी संपली आणि मी नर्सना प्रशिक्षणं द्यायला लागले, तेव्हापासून एक प्रश्न ठरलेला: ‘गरीब देशांत बाळंतपणात इतक्या बायका दगावतात. सरकारकडे पैसा थोडा. मग आधी काय करावं?’ विचारणाऱ्याला वाटतं, मी दवाखाने म्हणेन, नाहीतर ॲम्ब्युलन्स. मी म्हणते, बाळंतिणीच्या अंगावरून किती गेलं ते मोजा. लोक जरा हिरमुसतात.

2023 मध्ये जगभरात सुमारे 2 लाख 60 हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, बहुतेक सगळ्या गरीब देशांतल्या. सर्वांत मोठं कारण अतिरक्तस्राव. 500 मिलिलिटरच्या वर गेलं की धोका, हे आम्हाला पाठ असतं. पण कळायचं कसं? बाळ रडतं, वार पडते, सगळे बाळाकडे बघतात. रक्त थोडं चादरीत मुरलेलं, थोडं बादलीत, त्यात गर्भजल मिसळलेलं. सिस्टर एक नजर टाकते आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहिते. मीही असे आकडे लिहिलेत. एकदा 300 लिहून दुसऱ्या बाईकडे वळले, आणि थोड्याच वेळात पहिलीचे ओठ पांढरेफटक. चादर उचलली तर खालची गादी भिजलेली. ती वाचली, पण त्यात माझ्या नोंदीचं श्रेय शून्य.

आता प्रशिक्षणात मी चादरीवर लाल पाणी ओतते, मोजून 800 मिलिलिटर, आणि अंदाज लिहायला सांगते. चिठ्ठ्यांवर 350, 400, क्वचित 500. जितकं जास्त ओतावं तितका अंदाज जास्त चुकतो.

उपाय म्हणजे बाळंतिणीखाली घालायची प्लास्टिकची शीट, तिला खुणा असलेली पिशवी. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 दवाखान्यांत तिची चाचणी झाली, 2023 मध्ये निकाल आला. पिशवीतलं रक्त खुणेवर पोचलं की गर्भाशयाला मालिश, गर्भाशय आकसवून रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी, सगळं एकदमच. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाचं ऑपरेशन किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी घटलं.

‘पण यात धोरण कुठे आलं?’ असं पुढे विचारतात. सगळं धोरणच आहे की! ती शीट खरेदीच्या यादीत कुणी घालायची? डॉक्टरची वाट न बघता नर्सनं औषध सुरू करावं, हे कुठल्या कागदावर लिहिलंय? ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली की फ्रिज नुसतं कपाट होतं, आणि इंजेक्शन टोचूनही गर्भाशय आकसत नाही. (फ्रिजमध्ये औषधांशेजारी जेवणाचे डबे मी अनेकदा पाहिलेत. रागावून उपयोग नाही, दुसरा फ्रिजच नसतो.) तेच काम करणारं, पण उष्णता सोसणारं कार्बेटोसिन 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. यादीतून कपाटात यायला मात्र प्रत्येक देशाला आपापला वेळ लागतो.

दवाखान्यापर्यंत आणणं सरकारांना त्या मानानं सोपं जातं. भारतात 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले. 2005-06 मध्ये दवाखान्यातली बाळंतपणं 39 टक्के होती, 2015-16 मध्ये 79. मातामृत्यूही घटले, पण बाळंतपणं दुप्पट आली म्हणून आतली व्यवस्था दुप्पट झाली नाही. दाराशी आलेल्या ॲम्ब्युलन्सची फीत कापता येते, पिशवीची कशी कापणार?

गर्भनिरोधनाबद्दल कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून मीच काढते. नको असलेलं गरोदरपण टळलं तर त्यातला धोकाही टळतो, यात वाद घालण्यासारखं काही नाही. गर्भपाताचं नाव घेतलं की मात्र खोली गप्प होते. तेव्हा मी नेपाळचं सांगते. तिथे गर्भपात केला म्हणून बायका तुरुंगात होत्या. 2002 मध्ये कायदा बदलला, पुढे प्रशिक्षित नर्सनाही ती सेवा द्यायची मुभा मिळाली. इथेही मुद्दा तोच, बाईच्या जवळ जी नर्स आहे, तिला उपचार करायची परवानगी आहे का?

मागच्या प्रशिक्षणात एक अधिकारी शीट उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, ‘मॅडम, हे औषधांच्या हेडखाली टाकायचं की साहित्याच्या?’ मी म्हटलं, साहित्याच्या. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं.