तुम्ही विचारलंत म्हणून: लघवीतलं प्रोटीन कुठलं?

"लघवीतनं प्रोटीन चाललंय म्हणतात, मग डाळ-अंडी वाढवू काय?" खानापुरात आमच्या लॅबच्या खिडकीशी हे मला सारखं विचारलं जातं. रिपोर्ट इंग्रजीत असतो, म्हणून मराठीत नीट सांगते.

ते प्रोटीन ताटातलं नव्हे, मावशी. खाल्लेली डाळ आतड्यातच तुटून तिची अमिनो आम्लं होतात. लघवीत सापडतं ते बहुतेक अल्ब्युमिन. ते आपलं यकृत बनवतं आणि रक्तातलं पाणी शिरांमध्ये तेच धरून ठेवतं. ते फार गेलं की पायावर सूज चढते.

दोन्ही किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. गाळणीच्या भिंतीला तीन थर. सगळ्यात बाहेरच्या पेशी आपली बोटं एकमेकींत गुंतवून बसलेल्या असतात. माझं माहेर वडगावचं, घरात माग होते. वीण विरळ वाटली की बाबा कापड उजेडाला धरायचे. ही बोटं सुटतात तेव्हा मला तेच कापड आठवतं.

पण नुसत्या मापावर काम भागत नाही. अल्ब्युमिनवर ऋण विद्युतभार असतो, भिंतीवरही तोच, म्हणून ते मागं रेटलं जातं. त्याचं वजन ६६ हजार डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक). बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं बारीक प्रोटीन जेमतेम १२ हजारांचं, ते सहज पार होतं. मात्र पुढच्या नळीतल्या पेशी ते उचलून घेतात आणि तोडून टाकतात. म्हणून कुठलं प्रोटीन आलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अल्ब्युमिन आलं तर संशय गाळणीवर, बारीक प्रोटीनं आली तर नळीवर. दीड लाख डाल्टनची अँटिबॉडीही येऊ लागली, तर गाळणीला मोठी भगदाडं पडलीत.

लघवीत बुडवून रंग बघायची आमची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनच ओळखते. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमधली हलकी प्रोटीनं तिच्यातून निसटू शकतात. शुगर असलेल्यांनी तर पट्टीवर थांबूच नये, अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण तपासून घ्यावं (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ). एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं.

तेव्हा डाळ-अंडी मनानं वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. ताप असताना किंवा शेतात राबून आल्यावर थोडं प्रोटीन तात्पुरतं दिसू शकतं. ताप उतरला की सकाळी उठल्यावरची पहिली लघवी आणा, मी परत तपासून देते.