कापूस गेला, खोली घुमते: अकरा भागांनंतरची नोंद

मागच्या आठवड्यात घरातला कापूस विकला गेला आणि आमच्या व्हिडिओ गेमवरच्या पॉडकास्टचा आवाज बिघडला. नव्यानं ऐकणाऱ्यांना या दोन गोष्टींचा संबंध कळायचा नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आम्ही राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पॉडकास्ट मी आणि माझी धाकटी बहीण मिळून करतो. मी गेम खेळून येतो आणि सांगतो, ती अडवून अडवून विचारते. दर पंधरा दिवसांनी एक भाग. पहिले तीन भाग ओसरीवर बसून रेकॉर्ड केले. वर टिन, खाली फरशी, समोर सिमेंटचा रस्ता. विहिरीत वाकून बोलावं तसा आवाज यायचा. दिवाळीनंतर दुसऱ्या वेच्याचा कापूस मागच्या खोलीत भरला आणि भाव वाढेल म्हणून बाबांनी तो थांबवून ठेवला. एका रात्री फोनवर बोलत बोलत मी त्या खोलीच्या दारात गेलो, तर माझाच आवाज मला वेगळा वाटला. कुठूनही परत येत नव्हता. तिन्ही भिंतींना छातीएवढा कापूस लागलेला, त्यानं सगळा घुमारा पिऊन टाकला होता. शहरात लोक यासाठी फोम विकत आणतात.

बाबांनी हो म्हटलं, पण अटी घातल्या. कापसाच्या खोलीत वायर आणायची नाही, चार्जर लावायचा नाही, दिवा नाही, उदबत्तीसुद्धा नाही. एका ठिणगीत वर्षाची कमाई जाते, त्यामुळे यावर वाद घालायचा प्रश्नच नव्हता. दोघांनी आपापल्या फोनला कॉलर माईक लावायचा, फोनच्याच उजेडात प्रश्न वाचायचे, आणि बहिणीच्या जुन्या फोनची बॅटरी संपायच्या आत भाग संपवायचा. तो फोन सव्वा तास टिकतो. साठवलेल्या कापसाची खाज अंगभर सुटते, म्हणून थंडी संपली तरी आम्ही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बसायचो. चार ते दहा हे सात भाग असे झाले आणि आवाजाच्या बाबतीत तेच सर्वात चांगले आहेत.

आता खोली रिकामी. अकरावा भाग तिथंच केला आणि ऐकताना मला वाईट वाटलं. ऑडॅसिटी या आवाज नीट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन चालवून पाहिलं. ज्यांनी नुकतंच सुरू केलं आहे त्यांच्यासाठी सांगतो: पंखा, कुलर, रातकिडे असा सतत चालणारा आवाज त्यानं कमी होतो. आधी कुणी बोलत नसतानाचे दोन-तीन सेकंद निवडून नमुना द्यायचा, मग पूर्ण फाईलवर चालवायचं. खोलीचा घुमारा मात्र त्यानं जात नाही, कारण तो आपल्या बोलण्यातच मिसळलेला असतो. जोर वाढवला तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. घुमारा रेकॉर्ड होण्याआधीच मारावा लागतो. म्हणून परवा दोन बाजा उभ्या करून त्यांच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या आणि मध्ये बसलो. कापसाइतकं नाही, पण सत्तर टक्के काम झालं. आईनं एकच विचारलं, "रात्री आंगावर का घ्याव मंग?" एप्रिल आहे, त्यामुळे तेवढं निभावलं.

दोन फोनवर वेगवेगळं रेकॉर्ड करणाऱ्यांनी दोन्ही फाईली जुळवता याव्यात म्हणून सुरुवातीला टाळी वाजवायची हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटीही वाजवा. दोन फोनची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. आमच्याकडे तासाभरात पाव सेकंदाचा फरक पडतो आणि शेवटी बहिणीचा प्रश्न संपायच्या आतच मी उत्तर देतोय असं ऐकू येतं. दोन्ही टाळ्या जुळवल्या की हे सुटतं. बाकी सेटिंग जुनंच आहे: मोनो, ६४ केबीपीएस. तासाभराचा भाग २९ एमबीच्या आत बसतो. आमचे बरेच ऐकणारे तालुक्याच्या बसस्टँडवर आले की डाऊनलोड करतात आणि शेतात ऐकतात, त्यामुळे स्टिरिओचा हट्ट मी सोडला.

आता प्रश्नांकडे येतो, कारण बारावा भाग पूर्ण तुमच्याच प्रश्नांचा असणार आहे. नवव्या भागाच्या शेवटी आवाहन केलं होतं. आतापर्यंत व्हॉइस नोटवर ४७ प्रश्न आले आणि त्यातले १९ सर्व्हायव्हल हॉररचे, म्हणजे मोजक्या साधनांवर जीव वाचवायच्या भीतीच्या गेमचे आहेत. मी धरून चाललो होतो की बीजीएमआय या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमचेच जास्त येतील. गावात पोरांच्या हातात तोच असतो. पण भीतीच्या गेमबद्दल लोकांनी इतकं नेमकं विचारलंय की गेले तीन आठवडे मी रात्री तेच गेम पुन्हा खेळतोय.

सर्वात आवडलेला प्रश्न देवळीकडच्या एका ऑटोवाल्या भाऊंचा. "रेसिडेंट ईव्हिलमधी सेव्ह कराले बी रिबन लागते म्हन्ते. मंग लाइट गेली तं मानसानं का कराव?"

१९९६ साली कॅपकॉमनं प्लेस्टेशनवर काढलेला पहिला रेसिडेंट ईव्हिल. शिन्जी मिकामी दिग्दर्शक. जपानमध्ये त्याचं नाव बायोहॅझर्ड. याच गेमनं सर्व्हायव्हल हॉरर हे नाव रूढ केलं. तशी बीजं आधीची आहेत: कॅपकॉमचाच १९८९चा स्वीट होम आणि १९९२चा फ्रेंच गेम अलोन इन द डार्क. रेसिडेंट ईव्हिल एका हवेलीत घडतो. त्यात गेम सेव्ह करायला, म्हणजे तिथवरचा खेळ जपून ठेवायला, टाइपरायटर शोधावा लागतो आणि प्रत्येक सेव्हला शाईची एक रिबन खर्च होते. रिबन मोजक्याच. शिवाय ती बाळगायची तर सामानाचा एक खण अडतो, आणि ज्या दोघांपैकी एक होऊन खेळायचं त्यातल्या क्रिसकडे खण सहाच असतात, जिलकडे आठ. म्हणजे सेव्हची सोय खिशात ठेवायची की जखमेवरचा झाडपाला, हेसुद्धा ठरवावं लागतं.

भाऊंचा प्रश्न मला लागला, कारण माझं तेच झालं होतं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. वायर काढली की तो बंद पडतो. रिबन वाचवत वाचवत चाळीस मिनिटं खेळलो आणि लाइट गेली. पुढच्या वेळी घाबरून दर दहा मिनिटांनी सेव्ह केलं, तर हवेलीचा मोठा भाग बाकी असतानाच रिबन संपल्या. मिकामींनी गेम बनवताना आमच्या विजेच्या फीडरचा विचार केलेला नसणार, पण त्यांना जी धाकधूक हवी होती ती इथं दुप्पट मिळते. भाऊ, उत्तर असं: हवेलीत एखादं अवघड काम एका दमात उरकलं की मग एक रिबन खर्च करा, तोवर नाही. आणि लाइटचं वेळापत्रक बघूनच बसा. हा मूळ गेम २०२४पासून जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानात पीसीसाठी पुन्हा मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

पुसदकडच्या, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सायलेंट हिलमध्ये धुकं आहे म्हणून भीती वाटते, की भीती वाटावी म्हणून धुकं टाकलं?" प्रश्न इतका नीट मांडलाय की तो भागाच्या सुरुवातीलाच घेणार आहोत. १९९९चा कोनामीचा गेम. प्लेस्टेशनला अख्खं गाव लांबपर्यंत चितारणं झेपत नव्हतं. थोड्या अंतरापलीकडचं धुक्यात आणि काळोखात झाकलं की यंत्रावरचा भार कमी होतो. अडचण खरी होती, पण करणाऱ्यांनी त्या अडचणीलाच गेमचा जीव केलं. डोळ्यांना दिसणार नाही असं ठरल्यावर त्यांनी काम कानांवर सोपवलं. नायकाच्या खिशात एक रेडिओ असतो आणि राक्षस जवळ आला की तो खरखरतो. कुठून येतोय ते कळत नाही, आहे एवढंच कळतं. अकिरा यामाओकांचं संगीतही कारखान्यात लोखंड घासल्यासारखं, त्यामुळे रेडिओचं खरखरणं कुठं संपलं आणि संगीत कुठं सुरू झालं, याचा थांग लागत नाही.

यासाठी आम्ही एक गोष्ट करून ठेवली आहे. गेममधला आवाज वापरायचा नाही असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. आबाजींचा जुना रेडिओ काढला, मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे सुई ठेवली आणि पाच मिनिटं नुसती खरखर रेकॉर्ड केली. हात जवळ नेला की ती बदलते. बहिणीनं हात पुढे-मागे करून "येतोय, गेला, येतोय" असे तीन तुकडे केले आहेत. हेडफोन लावून ऐका.

एलियन आयसोलेशनवर चार प्रश्न आले आणि चौघांनाही एकच शंका: त्यात आपल्या मागावर असलेला प्राणी खरंच शोधतो की गेम त्याला आपली जागा सांगतो? दोन्ही थोडं थोडं. २०१४च्या या गेममध्ये प्रोग्रामचा एक भाग वरून सगळं पाहत असतो. त्याला तुमची जागा माहीत असते आणि तो प्राण्याला ढोबळ दिशा देतो. खुद्द प्राण्याला मात्र तुम्हाला पाहून, ऐकूनच पकडावं लागतं. फार वेळ ताण दिला असं वाटलं की वरचा भाग त्याला जरा लांब पाठवतो. कन्सोलवर कॅमेऱ्याचा माईक चालू ठेवला तर खोलीतला तुमचा खराखुरा आवाजही त्याला ऐकू जातो. आमच्या घरात तो कधीच उपाशी राहिला नसता.

रेसिडेंट ईव्हिल फोरवरून आमच्या दोघांत भांडण आहे आणि ते भागात तसंच ठेवणार आहोत. २००५चा हा गेम मला फार आवडतो. कॅमेरा खांद्यामागे नेला आणि पुढं किती गेमांनी तेच उचललं. पण मी त्याला सर्व्हायव्हल हॉरर म्हणत नाही. शत्रू मेला की गोळ्या टाकून जातो, सौदागर बंदुका विकतो, आणि तुम्ही फार मार खाल्ला तर गेम न सांगता सोपा होतो. माझ्या लेखी ज्या गेममध्ये गोळी झाडण्याआधी उरलेल्या गोळ्या मोजाव्या लागतात आणि तरी निम्म्या वेळा पळूनच जावं लागतं, तो सर्व्हायव्हल हॉरर. बहिणीचं म्हणणं, तू बंदुका मोजत बसला, मी गाव पाहिलं. सुरुवातीला गेमचा नायक लिऑन त्या गावात शिरतो तेव्हा सगळे कामधंदा करत असतात आणि मग एकदम त्याच्याकडे पाहतात. "अनोळखी माणूस गावात आला की पाहातच नाई का असं?" असं ती म्हणाली. गेममधल्या त्या गावात घंटा वाजेपर्यंत तिनं हातातली उशी सोडली नव्हती. हे ऐकून माझं मत बदललेलं नाही, पण पहिल्यासारखं ठामपणे मांडता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मला माघार घ्यावी लागली. या प्रकाराला मराठी नाव सुचवा, असं मीच म्हटलं होतं. बहिणीनं सुचवलं "जागलीचे गेम". जागल म्हणजे रात्री जागून शेत राखणं. मला ते एकदम पटलं. सध्या उन्हाळी भुईमुगावर रानडुकरं येतात, बाबा रोज मचाणावर जातात. मी पोरगा असताना सोबत जायचो तेव्हा बाबा सांगायचे, आवाज आला की लगेच बॅटरी लावायची नाही, आधी ऐकायचं. डुक्कर आहे की रोही (नीलगाय), एक आहे की कळप. सायलेंट हिलमध्ये टॉर्च बंद ठेवली की राक्षसांचं लक्ष कमी जातं. २०१०च्या ॲम्नेशियामध्ये तर हातात हत्यारच नाही. कंदिलाचं तेल मोजकं, अंधारात फार थांबलं तर डोकं फिरतं आणि उजेड केला तर राक्षस तुम्हाला पाहतो. हे सगळं मला मचाणावरचंच वाटलं आणि दहाव्या भागात मी तसं बोललो.

त्यावर सिंदेवाहीकडच्या एका काकांची व्हॉइस नोट आली. त्यांच्याकडे शेताला लागून जंगल आणि जंगलात वाघ. शांतपणे बोलले. म्हणाले, तुमचा कार्यक्रम मी ऐकतो, चांगला आहे, पण आमच्या गावातली माणसं जागलीवरून परत आलेली नाहीत. तो शब्द खेळाले नका देऊ. मी ती नोट तीनदा ऐकली. शब्द मागे घेतला आहे आणि बाराव्या भागात तसं सांगणार आहे. तोवर सर्व्हायव्हल हॉररच म्हणू.

आता बाकी काय मागतोय ते. रेकॉर्डिंग येत्या रविवारी रात्री अकरानंतर, गावातले ट्रॅक्टर थांबल्यावर. शनिवारपर्यंत प्रश्न पाठवा. एक मिनिटाच्या आत, गावाचं नाव सांगून, आणि शक्यतो बंद खोलीत गोधडी पांघरून बोला, म्हणजे तुमचा आवाजच भागात वाजवता येईल. रेसिंग, क्रिकेट, जुने व्हिडिओ पार्लरचे गेम, काहीही चालेल. क्रिकेटचे फक्त दोनच आलेत. सर्व्हायव्हल हॉररबद्दल विचारणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट जरूर सांगा: भीतीनं गेम बंद केला ती नेमकी जागा कोणती? खोली, जिना, दार, जे असेल ते. त्या वेळी तुमच्या घरात कुणी जागं होतं का, तेही सांगा. आतापर्यंत अशा सहा जागा आल्या आहेत. त्यातल्या दोन अनोळखी लोकांनी सायलेंट हिलमधली एकच जागा सांगितली: शाळेचं दार. मीही तिथंच थांबलो होतो. रविवारच्या आत तिथून पुढं जाऊन येतो.