खडकवासल्यात वारा मोजताना

लेसर, म्हणजे एकट्यानं हाकायची छोटी शिडाची होडी, चालवायला शिकून तीन वर्षं झाली, तरी माझं सगळं अंदाजपंचे. "आज होडी काय पळाली!" किती पळाली, ते विचारू नका. म्हणून एप्रिलमध्ये हातात धरायचा वाऱ्याचा मीटर घेतला, जीपीएससाठी मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवला आणि खडकवासल्याच्या पाण्यात उतरलो. उन्हाळ्यात दुपार कलली की तिथे पश्चिमेचा वारा सुटतो.

पहिल्याच दिवशी फजिती. वाऱ्यावर तिरकं चढताना, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जाताना, मीटर ११ नॉट्स (ताशी सागरी मैल) दाखवी, पाठीवर वारा घेऊन परतताना जेमतेम ४. म्हटलं, वारा पडला. पण काठावरचं निशाण तर तसंच फडफडत होतं! घरी येऊन वहीत त्रिकोण मांडला तेव्हा उलगडा झाला. स्कूटरवर बसल्यावर समोरून वारा लागतो, तसा होडीच्या वेगाचा वारा मीटरमध्ये मिसळत होता. खरा वारा ८, होडी ४, मधला कोन ४५ अंश, की उत्तर येतं ११.२. पाठीवर असला, की ८ वजा ४. मीटर बिचारा बरोबरच होता.

मग मित्राला दुसऱ्या होडीत नांगर टाकून बसवलं. दर मिनिटाला आकडा लिहायचा. बसून मोजला तर पाण्यालगतचा मंद वारा मिळतो, म्हणून पठ्ठ्या हात उंचावून उभा राहिला. होडी डुलली, पेन धरणात. शेवटी बसूनच, एकाच उंचीवर मोजायचं ठरलं. तुलनेपुरतं तेवढं चालतं.

दिशेसाठी मात्र मीटर लागलाच नाही. वाऱ्यावर चढताना जीपीएसवर एका बाजूचा मार्ग २२५ अंश, दुसऱ्या बाजूचा ३१५. बरोबर मधे २७०, म्हणजे पश्चिम.

आता खरी गंमत. मला होडी वाऱ्याच्या तोंडाशी दामटायची खोड. वाऱ्याशी ३८ अंशांचा कोन केला, तर वेग ३ नॉट्सवर आला. ४५ वर तो ४ होता. वारा येतो त्या दिशेला प्रत्यक्ष सरकलो ते अनुक्रमे २.४ आणि २.८ नॉट्स. तीन वर्षं मी जवळचा रस्ता समजून मागे पडत होतो.

सिंहगडाच्या बाजूच्या काठालगतचे आकडे अजून जुळत नाहीत. तिथे वारा झोताझोतानं येतो आणि दिशाही बदलतो. पुढच्या रविवारी तिकडेच नांगर टाकायचाय. मित्रानं पेन्सिल घेतलीय, सुतळीनं वहीला बांधून.