दोरी ओढण्याआधी करंट बघा

कपाशीवर फवारणीचा पेट्रोल पंप ज्याने पाठीवर घेतलाय, त्याला होडीच्या मागे लावायचं जुनं छोटं इंजिन परकं वाटणार नाही. तेच टू-स्ट्रोक, तेच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं, तीच ओढायची दोरी आणि हंगामभर पडून राहिलं की तोच रुसवा. फक्त याला खाली एक लांब पाय असतो, पायाच्या टोकाला पंखा, आणि थंड राहायला ते हवेवर नाही तर तळ्याच्या पाण्यावर चालतं. पायात बसवलेली रबरी पात्यांची चक्री ते पाणी वर ढकलत राहते.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो, तिथल्या मॅडिसन शहराच्या दोन्ही अंगांना मोठी तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठतात, लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. बर्फ वितळला की गॅरेजांमधून होड्या बाहेर निघतात. अशाच एका गॅरेजातून शेजारच्या आजोबांचं इंजिन माझ्याकडे आलं. १९७०च्या आसपासचं, ६ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं. आजोबांना आता दोरी ओढवत नाही, पण मासेमारीची हौस तशीच आहे. ते इंजिन चालू व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

या यंत्राचं घरही इथून जवळच. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी विस्कॉन्सिनला आलेला शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ मध्ये त्याने मिलवॉकीत होडीची इंजिनं विकायला काढली. होणाऱ्या बायकोसाठी तो तळ्यापलीकडून वल्हवत आइस्क्रीम आणायला गेला, परत येईपर्यंत ते वितळलं आणि तिथून ही कल्पना सुचली, असं इथे कौतुकाने सांगतात. विक्री आणि पत्रव्यवहार बेसने, म्हणजे त्या बायकोनेच, सांभाळला होता. मला त्या गोष्टीतली तीच जास्त आवडते.

दोंडाईचाला माझ्या मामांचं गॅरेज आहे. राजदूत, येझदी, लुना, फवारणी पंप, सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. इथली रविवारची सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ, त्यामुळे मामा निवांत होते. व्हिडिओ कॉलवर इंजिन दाखवलं. असं यंत्र त्यांनी कधी उघडलं नव्हतं, तरी पहिलं वाक्य आलं, "दोरी वढू नको. पहिले करंट देख."

मामांचा क्रम ठरलेला असतो: करंट (म्हणजे प्लगची ठिणगी), पेट्रोल, कॉम्प्रेशन (म्हणजे सिलिंडरमधला दाब). या तिन्हींपैकी काय नाही ते कळल्याशिवाय दोरी ओढत बसलं, तर खांदा दुखतो आणि प्लग पेट्रोलने ओले होतात. कॉम्प्रेशनचा प्रश्न लगेच मिटला. दोरी सावकाश ओढली की दोनदा जोर लागत होता, दोन्ही वेळा सारखाच.

मग प्लग. दोन्ही काढले, दोन्ही ओले. म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय. प्लग पुसून टोपीत बसवले, त्यांची धातूची बाजू इंजिनाला टेकवली आणि दोरी ओढली. (प्लगच्या उघड्या भोकापासून हे लांब करायचं, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.) वरच्या प्लगला निळी, कडक ठिणगी. खालच्याला काहीच नाही. प्लग आपसात बदलले, तरी खालचं सिलिंडर गप्पच. म्हणजे प्लग चांगला होता आणि दोष त्याच्या मागे होता. हाताने ओढायचं दोन सिलिंडरचं इंजिन एकाच सिलिंडरवर सहसा धरत नाही.

या काळातल्या इंजिनात दर सिलिंडरला ठिणगी पाडणारी वेगळी कॉइल, वेगळा पॉइंट (करंट जोडणारं-तोडणारं बटण) आणि वेगळा कंडेन्सर असतो, आणि ते सगळं फ्लायव्हीलखाली, म्हणजे वरच्या जड चाकाखाली. मधला नट सोडवून फ्लायव्हील पुलरने वर घ्यायचं. शाफ्टवर हातोडा मारला की आटे बसतात आणि पुढे नटच लागत नाही. काढताना खालची छोटी चावी हरवू नये, कारण ठिणगीचा टायमिंग तिच्यावर असतो.

खालच्या सिलिंडरचा पॉइंट मी कॅमेऱ्यासमोर धरला. तोंडावर राखाडी साय धरली होती, नखाने खरवडली तरी हलेना. चालत्या इंजिनात पॉइंट सतत उघडझाप करतो आणि तोंड स्वच्छ राहतं. पडून राहिलेल्या इंजिनात दमट हवा त्यावर हा थर चढवते. बारीक काचपेपर फिरवला. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवली. मी झाकण लावायला घेतलं तर मामा म्हणाले, थांब. फिलर गेजच्या पात्याला तेल असतं, ते पॉइंटला लागतं आणि तेवढ्यानेही करंट अडतो. कोरा कागद पॉइंटच्या फटीत धरून ओढ. ओढला, तर कागदावर काळसर रेघ उमटली. दुसरा कागद कोरा आला तेव्हा मामांनी मान डोलावली. दोन्ही प्लगना निळी ठिणगी आली.

तरी इंजिन खोकून बंद पडायचं.

"पेट्रोल कितलं जुनं शे?" हा मामांचा दुसरा प्रश्न. आजोबांनी सांगितलं, मागच्या उन्हाळ्यातलं. ते काचेच्या बाटलीत घेऊन ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी वेगळा थर दिसला. इथल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते जास्त झालं की दोघं पेट्रोल सोडून खाली बसतात. कार्बोरेटर ओढतो तो तळाचाच माल. टू-स्ट्रोकमध्ये याचा दुसरा धोका आहे: ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि खालचा थर कोरडा, बिनतेलाचा. असं इंजिन चाललंच, तर पिस्टन घासतं.

कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या वाटीत डिंकासारखा चिकट थर, जेट बुजलेला. जेटमध्ये कडक तार घालायची नाही, भोक मोठं होतं. स्प्रे आणि हवेने साफ केला. नवं पेट्रोल भरलं, ५० भागांना १ भाग बोट इंजिनाचं ऑइल. नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला, त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रूही उघडला. तो बंद राहिला तर इंजिन थोडा वेळ चालतं आणि मरतं, आणि माणूस उगाच कार्बोरेटर पुन्हा खोलतो.

पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये पाय बुडवून दोरी ओढली आणि इंजिनाने धरलं. कोरडं कधीच चालवायचं नाही, आतली रबरी चक्री लगेच जळते. मागच्या भोकांतून पाण्याचे तुषार उडायला लागले, म्हणजे पाणी वर चढत होतं. आजोबांनी मामांना फोनवरून सलाम केला. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण निळ्या धुराकडे दोघंही सारख्याच आनंदाने बघत होते.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण आपल्याकडचं आहे. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, इथल्या दुप्पट. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या अनेक पाड्यांना दवाखाना आणि बाजार गाठायला होडीचाच आधार आहे. तिथे इंजिन चालू न होणं म्हणजे आजारी माणूस काठावर अडकणं. म्हणून ज्यांच्याकडे होडीचं इंजिन आहे, किंवा घरी जुनी लुना, फवारणी पंप आहे, त्यांनी पेट्रोल लागेल तेवढंच मिसळावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, पेट्रोलची नळी काढावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत काही उरत नाही. होडीच्या इंजिनाचं हे काम पाय पाण्यात ठेवूनच करायचं.