हिशेब माझ्याकडे, म्हणून चिटणीसही मीच

आमच्या गोल्फ ग्रुपला ना घटना, ना नोंदणी, ना टोपीवर छापायला बोधचिन्ह. बारा-पंधरा माणसं आहोत. काही कॉलेजातले, काही त्यांच्या ऑफिसातले, एक दातांचा डॉक्टर आणि नौदलातून निवृत्त झालेले एक काका. काकांचा खेळ जुना आणि शिस्तीचा. बाकी आम्ही बहुतेक सगळे चाळिशीनंतर ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडूंच्या बादल्या रिकाम्या करत शिकलेलो. महिन्यातून एकदा एकत्र खेळायचं ठरलं आणि मी सीए असल्यामुळे चिटणीसपद न विचारताच माझ्या गळ्यात पडलं.

मुंबईत पहिली अडचण जागेची. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा, हाजी अलीजवळचा विलिंग्डन १९१८ चा. तिथे स्वतः सभासद असा, नाहीतर नेणारा सभासद ओळखीचा हवा. कुलाब्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब सैन्यदलांचा. काका एखाद्याला पाहुणा म्हणून नेतील, सगळ्या वरातीला कसे नेणार? म्हणून आम्ही खारघर धरलं. सिडकोचं कोर्स, डोंगरांच्या खोऱ्यात, आणि सभासद नसलेल्यालाही ग्रीन फी, म्हणजे त्या दिवसाच्या खेळाची फी, भरून खेळता येतं. डोंबिवलीचा मित्र बॅगेत सात-आठच क्लब (गोल्फच्या काठ्या) टाकून ठाण्याहून पनवेल लोकल पकडतो. नियमाप्रमाणे चौदापर्यंत नेता येतात, पण लोकलमध्ये चौदा क्लबांची बॅग घेऊन चढून दाखवा! डब्यात कुणी ना कुणी विचारतंच, ‘क्रिकेटची किट का?’ तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

तारीख ठरवणं मी लवकरच लोकशाहीतून काढून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घेतलं की सगळे ‘चालेल’ म्हणतात आणि गुरुवारी रात्री कुणाच्या तरी साडूकडे वास्तुशांत निघते. आता वर्षाच्या तारखा जानेवारीतच जाहीर होतात. गणपती, दिवाळी, दहावी-बारावीच्या परीक्षा बघून. टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या राखीव वेळा, लागोपाठचे तीन लागतात, कारण फोरबॉल, म्हणजे चार-चार जणांची टोळकी, तीन. मधलाच एक दुसऱ्यांकडे गेला तर आमची तीन टोळकी कोर्सभर विखुरतात आणि पहिली नाश्ता उरकून घरी निघते तेव्हा शेवटची अजून पंधराव्या होलवर असते. सकाळचे पहिले टाइम मागायचे. अकरानंतरचं ऊन खेळाचं नसतं.

खरी कसोटी हँडिकॅपची, म्हणजे अठरा होलच्या फेरीत कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या स्ट्रोकच्या (फटक्यांच्या) सवलतीची. काका नऊवर खेळतात, डॉक्टर अठ्ठावीसवर. सरळ स्ट्रोक मोजले तर काका दर महिन्याला जिंकणार आणि बाकीचे तिसऱ्या महिन्यात यायचे बंद होणार. म्हणून आम्ही स्टेबलफर्ड खेळतो. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत. १९३२ मध्ये त्यांच्या क्लबात तिची पहिली स्पर्धा झाली. प्रत्येक होलला गुण मिळतात. हँडिकॅप वजा करून पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले स्ट्रोक, आले तर दोन, बोगीला (एक जास्त) एक, बर्डीला (एक कमी) तीन, आणि डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य.

समजा पार चारचा होल आहे, स्ट्रोक इंडेक्स चार, म्हणजे अवघडपणात चौथा. अठ्ठावीसवाल्याला प्रत्येक होलला एक आणि सर्वांत अवघड दहा होलना आणखी एक स्ट्रोक मिळतो, म्हणजे इथे दोन. त्याने सहात होल केलं तरी दोन गुण. काकांना सर्वांत अवघड नऊ होलनाच एकेक, म्हणजे इथे एकच स्ट्रोक, त्यामुळे त्याच दोन गुणांसाठी त्यांना पाचात संपवावं लागतं. डॉक्टरचे सात स्ट्रोक होऊनही चेंडू होलमध्ये गेला नसेल तर त्याने तो उचलावा, त्या होलला आता त्याला काही मिळणार नाही. हा उचलण्याचा भाग मला या पद्धतीत सर्वांत मोलाचा वाटतो. बंकरमध्ये वाळू उडवत बसलेल्या माणसाकडे तीन मित्र घड्याळ बघत उभे आहेत, यापेक्षा मैत्रीला घातक काय असेल!

पण मुळात हँडिकॅप आणायचा कुठून? २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांची सरासरी धरतात. आमच्यातल्या निम्म्यांच्या आयुष्यातच वीस फेऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणून ग्रुपपुरता आमचा वेगळा. तीन फेऱ्यांची स्कोअरकार्डं द्या, त्यावर आकडा ठरेल. पुढे जिंकणाऱ्याचा दोनने कमी, दुसऱ्याचा एकने कमी, तळाशी राहणाऱ्याचा एकने जास्त. हा आकडा ग्रुपबाहेर कुणी सांगायचा नाही, त्याला तिथे काही अर्थ नाही.

डॉक्टर जिंकला आणि मी त्याचे दोन कापले, तेव्हा नाश्त्याच्या टेबलावर म्हणाला, ‘‘अगं, तू मैत्रीण आहेस की इन्कम टॅक्सवाली?’’ मी म्हटलं, नियम फेब्रुवारीत तूच मंजूर केलास, अंगठा टाकलेला मेसेज आहे. तो काढून दाखवलाही. मित्रांकडे तोंडी काही ठरवू नये, हे मी आधीपासून मानते. अनोळखी माणसाशी भांडून मोकळं होता येतं, मित्राशी मात्र पुढच्या रविवारी एकाच गाडीतून वाशीचा पूल ओलांडायचा असतो.

पाहुणा आला की त्याचं कार्डच नसतं. त्याच्यासाठी न्यू पिओरिया नावाची एका दिवसाच्या हँडिकॅपची पद्धत. बारा होल आधीच चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचे, खेळ संपल्यावर उघडायचं. त्या बारांवरच्या त्याच्या स्ट्रोकची बेरीज दीडपट करायची, त्यातून कोर्सचं (सगळ्या होलचं मिळून) पार वजा करायचं आणि उरेल त्याचे ऐंशी टक्के घ्यायचे. पार ७२ आणि बेरीज ६६ असेल तर ९९ वजा ७२, म्हणजे २७, आणि हँडिकॅप २१.६. नशिबाचा भाग मोठा आहे, मान्य. पण एका दिवसासाठी पुरतो, आणि पाकीट उघडताना सगळ्यांना मजा येते.

वेळेसाठी दोनच नियम कडक ठेवले. चेंडू शोधायला तीन मिनिटं, २०१९ पासून अधिकृत नियमही तोच आहे. आणि हरवला तर पुन्हा टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, चालत जायचं नाही, दोन दंडाचे स्ट्रोक घेऊन पुढेच दुसरा चेंडू ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून खाली सोडायचा. कोर्स समितीला अशी सूट देणारा स्थानिक नियम लावता येतो, आम्ही तो आमच्या कागदावर कायमचा घेतला. काकांना हे पचायला वेळ लागला. अजूनही तोंड वाकडं करतात, पण पाळतात.

पैशांचं काम भिशीसारखं चालवते. ग्रीन फी आणि वर्गणी बुधवार रात्रीपर्यंत यूपीआयने. त्यानंतर कुणी गळला तर बदली माणूस त्यानेच आणायचा, नाहीतर पैसे परत नाहीत. पहिल्यांदा हे लावलं तेव्हा दोन दिवस ग्रुपवर शांतता होती. आता गळती जवळजवळ थांबली आहे. बॅगा वाहणाऱ्या कॅडींचे पैसे मात्र रोख, म्हणून सुट्ट्या नोटांचं पाकीट माझ्या बॅगेत असतंच. बक्षीस म्हणून तीन चेंडूंची डबी. कुणीतरी सुचवलं होतं, रोखच देऊ, सोपं पडेल. काकांनी तिथेच अडवलं. हँडिकॅपवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत अमॅच्युअर खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. आम्हाला कोण विचारतंय, हा मुद्दा बरोबर होता, तरी डबीच ठरली. एका पार तीनच्या होलवर ‘निअरेस्ट द पिन’ असतं, म्हणजे ज्याचा चेंडू होलच्या झेंड्याच्या सर्वांत जवळ तो जिंकला, त्यासाठी मोजपट्टी मी नेते. पावलांनी मोजणाऱ्यांची पावलं फार सोयीची पडतात.

पावसात चेंडू चिखलात रुततो, तेव्हा फेअरवेवर (होलपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) उचलून, पुसून सहा इंचांत ठेवायची मुभा. वीज चमकली की खेळ बंद, मग कुणाचे कितीही गुण झालेले असोत. यावर चर्चा ठेवलेलीच नाही.

पुढच्या जानेवारीपासून चिटणीसपद डॉक्टरकडे जातंय. त्याने एकच अट घातली, हँडिकॅप कापायचं काम त्याच्याकडे नको. ते काकांनी मागून घेतलं आहे, आणि पहिल्याच मेसेजमध्ये स्वतःचा नऊचा आठ केला आहे.